उतरलेली पट्टी

आमच्या घरी तवा दादांच्या हाकेवर चढायचा. आमचं शेत ओढ्यापलीकडे आणि घर गावाच्या वरच्या अंगाला. मधे बाभळीचं बन आणि दुसऱ्यांची चार वावरं. दुपारी बैल सोडले की दादा, म्हणजे माझे वडील, ओढ्याच्या काठावर उभे राहून एकच हाक मारायचे, "आलोऽऽ". ती हाक बाभळींवरून, वावरांवरून थेट आमच्या चुलीपाशी यायची. माय तवा ठेवायची, पीठ मळायला घ्यायची, आणि पहिली भाकरी फुगायच्या वेळी ओट्याखाली दादांच्या वहाणा वाजायच्या. शेजारच्या काकूसुद्धा त्या हाकेवर आपलं कालवण उतरवायच्या. भिंतीवर घड्याळ होतं, पण त्याला चावी द्यायची आठवण कोणाला राहायची नाही. गरजच पडत नव्हती.

मग एक दिवस दादा दारात उभे राहिले आणि चुलीवर तवाच नव्हता. माय परातीत अंबाडीची भाजी निवडत बसली होती. ती गडबडीनं उठली.

"हाक काहून मारली न्हाई?"

"मारली की."

"मग मला काहून आली न्हाई?"

"वारं उलटं असंल," दादा म्हणाले आणि पाय धुवायला गेले.

त्या दिवशी वारं नव्हतं. आमच्या वावरात हळद शिजत होती. कढईखालचा धूर काठी उभी केल्यासारखा सरळ वर जात होता आणि तो मी ओट्यावरून पाहत होतो. पुढं तवा हाकेवर चढणं हळूहळू बंद झालं. माय मला ओट्यावर बसवायची आणि म्हणायची, "दादा बाभळीपाशी दिसले की सांग." घरात कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही. माणूस थकतो, आवाज बसतो, त्यात काय.

दादांचा आवाज हाकेपुरता नव्हता. ते गावच्या भजनी मंडळाचे मुख्य गायक होते. शेतकरी माणूस, चौथी शिकलेला, पण हनुमानाच्या देवळात उभं राहून सूर लावला की पारावरची पत्त्यांची बैठक थांबायची. त्यांच्या डाव्या हाताला पेटीवर बसायचे धनुकाका. धनसिंग त्यांचं नाव. ते तांड्यावरचे. त्यांच्या आज्या-पणज्यांनी बैलांच्या पाठीवर माल वाहिला. धनुकाका मात्र आमच्या बांधाला बांध लावून शेती करायचे. पेटी ते वाकळेत गुंडाळून डोक्यावर घेऊन यायचे. भजन सुरू होण्याआधी ते कमरेची चंची सोडायचे, पान लावायचे आणि पहिला विडा दादांना द्यायचे. दादा तो गालात धरायचे आणि विचारायचे, "कितीला?" धनुकाका म्हणायचे, "काळी तीन." पेटीच्या कोणत्या पट्टीत गायचं, ते ठरवायचा तो प्रश्न. मला संगीतातलं काही कळत नव्हतं. पण मी टाळ घेऊन त्यांच्या पायाशी बसायचो, त्यामुळे "कितीला?" आणि "काळी तीन" हे दोन बोल मला देवाच्या नावासारखे पाठ होते. नंतर कधीतरी दादांनी विचारणं सोडलं आणि धनुकाकांनी सांगणं. पेटी वाजायला लागायची, दादा गायला लागायचे. त्यात काही बदललं असेल असं माझ्या मनातही आलं नाही.

मी सहावीत गेलो तोवर घरातले दादा वेगळे झाले होते. बंडीची बटणं लावायला त्यांना वेळ लागायचा. चालताना डावा पाय जमिनीला घासायचा. वहाणांचा आवाज पूर्वी टप टप यायचा, तो आता फरफर यायचा. चेहरा कोरा राहायचा. माय काही गमतीचं बोलली तरी हसू यायचं नाही. तिला वाटायचं ते रुसलेत. ती जास्तच मन लावून ठेचा वाटायची, ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवायची आणि चुलीकडं तोंड करून पुटपुटायची, "आमचं काय चुकलं ते तरी सांगावं माणसानं." आणि आवाज तर इतका खाली गेला होता की समोर बसलेल्यालाही दुसऱ्यांदा विचारावं लागायचं. मला मात्र कळायचं. मी सगळ्यात जवळ असायचो, माझे कान त्या आवाजाला सरावले होते. त्यामुळे लोक दादांशी बोलायचे आणि उत्तरासाठी माझ्याकडं बघायचे. "काय म्हणतेत रे तुझे दादा?" मी सांगायचो. बाजारात, चावडीवर, पाहुण्यांत, दादांचं तोंड मी होतो. मला त्याचा अभिमान होता, हे लिहिताना आज बोटं थांबतात.

शाळेत मात्र पोरं वेगळंच बोलायची. "तुझा बाप सकाळपासून घेऊन असतो का रे?" पाय घासतो, जीभ जड, चेहरा सुन्न, गावाला या खुणांचा एकच अर्थ माहीत होता. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तेही एकदा ओट्यावर येऊन मायला म्हणाले, "गळ्यात माळ हाय आपल्या घराच्या. त्याला म्हणाव, सांभाळ." माय त्या दिवशी जेवली नाही. दादांनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता आणि हे तिला पक्कं माहीत होतं. पण मग काय झालंय, हे तिला सांगता येत नव्हतं. नाव नसलेल्या गोष्टीपुढं माणूस फार एकटा पडतो. ती तशी पडलेली मी पाहिली आहे.

त्या वर्षी देवळात सप्ताह होता. शेवटच्या दिवशीचं काल्याचं कीर्तन, दुपारची वेळ, देवळापुढं मांडव. मागं चुलवणावर बुंदीचा पाक उकळत होता, वांग्याच्या भाजीच्या फोडणीचा ठसका मांडवात येत होता, पंगतीच्या पत्रावळी रचून ठेवल्या होत्या. पंचक्रोशीतले लोक जमले होते. धनुकाकांनी चंची सोडली, पान लावलं, दादांना दिलं. कीर्तनकारांनी हात केला, मृदंग थांबला, आणि चाल उचलायची म्हणून दादांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. म्हणजे आला, पण कोरडं पान घासल्यासारखा, एका सुरात, शब्द एकमेकांवर पडत गेलेले. दोन ओळी झाल्या आणि तोही बंद पडला. दादा तसेच उभे. चेहऱ्यावर काही नाही. बायकांच्या बाजूनं कोणीतरी फिस्सकन हसलं. कीर्तनकारांनी स्वतःच चाल घेतली आणि वेळ मारून नेली.

काला वाटून झाल्यावर आबांनी सगळ्यांदेखत दादांचा दंड धरला. "देवाच्या दारात घेऊन आला का रे?" पंगतीला बसायला निघालेले लोक थांबले. माय बायकांतून उठून आली, पदर तोंडाला. दादा काहीतरी म्हणाले, ते कोणाला ऐकू गेलं नाही. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला त्या क्षणी एवढंच कळत होतं की हे थांबवायचं आहे. दादा पीत नाहीत हे सिद्ध करायचं तर दुसरं कारण पाहिजे. आणि देवळाच्या गावात गायकाचा आवाज जाण्याचं दुसरं कारण कोणत्याही पोराला माहीत होतं. कोणी शेंदूर खाऊ घातला की गळा कायमचा बसतो.

"धनुकाकानं पानात शेंदूर घातला," मी म्हणालो. "म्या पाहिलं."

मी पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही नव्हतंच. पण धनुकाकांच्या बोटाला शेंदूर होता. मारुतीच्या पाया पडून आलेल्या प्रत्येकाच्या बोटाला तो होता, माझ्याही. आबांनी त्यांचा हात धरून वर केला आणि मांडवाला दाखवला.

"त्यालाच गायचं असंल पुढं," कोणी म्हणालं.

"तांड्यावरचा माणूस देवळात बसवला, तिथंच चुकलं."

वर्षानुवर्षं ज्याच्या पेटीवर माना डोलावल्या, त्याच्याबद्दल हे वाक्य इतकं तयार होतं की मला आश्चर्य वाटलं. धनुकाका काहीच बोलले नाहीत. ते दादांकडं बघत होते. दादांचे ओठ हलले. आबा मला म्हणाले, "काय म्हणतो रे?"

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. दादा म्हणाले होते, "धनसिंगनं काही केलं न्हाई. माझा गळाच गेला." मला शब्द न् शब्द ऐकू आला होता.

"पाणी मागतेत," मी म्हणालो.

कोणीतरी तांब्या आणून दिला. दादांनी तो घेतला नाही. धनुकाकांनी पेटी वाकळेत गुंडाळली, डोक्यावर घेतली आणि उन्हातून तांड्याच्या वाटेला लागले. मागं पंगत बसली.

शेंदरावर उतारा म्हणून मिठाचं पाणी पाजून ओकाऱ्या काढायला सांगितलं होतं कोणीतरी. तीन दिवस आबा आणि माय दादांना अंगणात बसवून ते करत होते. दादा विरोध करत नव्हते. तांब्या तोंडाला लावला की प्यायचे, ओकायचे, पुन्हा प्यायचे. डोळ्यांतून पाणी वाहायचं आणि चेहरा तसाच कोरा. मग मिरं-तूप, जेष्ठमध, हळदीचं दूध. मी तांब्या भरून द्यायचो. चौथ्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं, तेव्हा त्यांचा हात थरथरत होता. मला वाटलं ओकाऱ्यांनी अशक्तपणा आलाय. ती थरथर नंतर कधी थांबली नाही. त्या दिवसानंतर दादा माझ्यापाशी बोलेनासे झाले. जे सांगायचं ते मायला खुणेनं सांगायचे. पुढची दहा वर्षं ते जगले. अगदी शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरांनी त्यांना पाच मिनिटं तपासलं आणि आजाराचं नाव सांगितलं, पार्किन्सन, आपल्याकडचा कंपवात. मी तेव्हा कॉलेजात होतो. परत येताना एसटीत मी ठरवलं की गावात सांगायचं, धनुकाकांकडं जायचं. ते मी ठरवतच राहिलो.

दादा गेले तेव्हा मी त्यांच्या वयाच्या निम्माही नव्हतो. आज त्यांच्या वयाला टेकलोय. हिंगोलीत हळदीचा छोटा व्यापार आहे. गेल्या वर्षभरात मोंढ्यातले हमाल मला दोनदा विचारायला लागले, "क्या बोले सेठ?" बायको, सुमन, म्हणायला लागली, "भांडण झाल्यावानी काहून बोलता?" मी भांडत नव्हतो. मुलगी पुण्याला नोकरी करते, प्रतीक्षा. ती फोनवर म्हणायची, "बाबा, मोठ्यानं बोला ना, ऐकू येत नाहीये." मी म्हणायचो, "रेंज नाही गं." रेंज नाही, रेंज नाही, असं वर्षभर. मग एका सकाळी दुकानात नवी हळद आली. हमाल म्हणाला, काय वास सुटलाय, आणि मला पोत्यात तोंड घालूनही काही आलं नाही. तेव्हा मी नांदेड गाठलं.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मला "आ" म्हणायला लावलं, दम पुरेल तितका लांब. एकदा, दोनदा, तीनदा. "लगेच नाव देऊ नका," त्या म्हणाल्या. "आवाज बसायला शंभर कारणं असतात. पण काही जणांचा वास जातो आणि आवाज बदलतो, तेही हात थरथरायच्या कितीतरी आधी. हा आजार घराण्यातून येतोच असं नाही, थोड्याच घरांत येतो. वडिलांचं नक्की कितव्या वर्षी सुरू झालं? थरथर नव्हे, आवाज. फार लवकर सुरू झालं असेल तर रक्ताची तपासणी करू. मग मुलीलाही सांगावं लागेल. तपासणी करायची की नाही, ते ती ठरवेल."

घरी आलो तर सुमन उंबऱ्यातच बसली होती. सगळं ऐकून म्हणाली, "पुढच्या महिन्यात साखरपुडा हाय. व्हऊ द्या. मग सांगा." आणि थोड्या वेळानं, "लग्नच व्हऊ द्या." मी हो म्हणालो. रात्रभर हो म्हणत राहिलो आणि सकाळी तोंडात तो शब्द शेंदरासारखा लागला.

दादांचा आवाज कधी बदलला, हे सांगणारी माय राहिली नव्हती, आबा राहिले नव्हते. एकच माणूस होता. मी मोटारसायकल काढली, आमच्या गावाकडं जाणारा सेनगावचा रस्ता धरला.

धनुकाका तांड्यावरच्या घराच्या पडवीत खाटेवर बसले होते. पाठ वाकलेली, पण कान तिखट; गाडी लांबच थांबवली तरी त्यांनी मान वळवली. सून अंगणात सोयाबीन पाखडत होती. मी नाव सांगितलं.

"बस," ते म्हणाले. "पाणी मागशील ना?"

मी जमिनीवर बसलो आणि बोलायला लागलो. शेंदूर मी पाहिला नव्हता. दादा काय म्हणाले आणि मी काय सांगितलं. सून सूप थांबवून म्हणाली, "काय म्हणून राहिले हे, मामंजी? ऐकूच येत न्हाई."

"मला येतंय," धनुकाका म्हणाले. "ह्याच्या बापाचंबी मलाच यायचं. त्या दिवशीबी आलं होतं. बाप काय बोलला ते, अन् तू काय बोलला ते."

"मग तुम्ही बोलला का नाही, काका?"

"काय बोलू? पाच-सहा वर्षं झाली ह्याची पट्टी उतरवून राहिलो, हे बोलू? तू पहिलीत होता तवाच त्याला काळी तीन झेपंना. त्यानं विचारायच्या आधीच म्या पांढरी चार धरली. मग पांढरी तीन. मग काळी दोन. शेवटाला काळी एक. त्याला माहीत, मला माहीत. गवयाची पट्टी पेटीवाल्यानं चार लोकांत सांगायची नसती. म्हणलं, उद्या त्याच्या घरी जाऊन बसू. दुसऱ्या दिवशी गेलो तर तुझ्या मायनं दार लावलं."

मी पहिलीत होतो. म्हणजे दादा सदतीस वर्षांचे. डॉक्टरांना हवं असलेलं उत्तर मला मिळालं होतं, आणि ते मला नको होतं.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"मोठ्यानं म्हण. सुनंला ऐकू जाऊ दे. माझ्या थोरल्याच्या दोन सोयरिकी मोडल्या. शेंदऱ्याच्या घरात पोरगी देता का, म्हणून. हिच्या बापालाबी लोक सांगायला गेले होते. तिला कळू दे."

मी दम घेतला आणि जोर लावला. जे बाहेर आलं ते तेवढंच होतं. पुन्हा लावला. गळ्याच्या शिरा ताणल्या, कानात झुणझुण झालं, आवाज पडवी ओलांडून गेला नाही. शेवटी सून सूप खाली ठेवून उठली, माझ्यापाशी येऊन वाकली, आणि मी तिच्या कानापाशी सगळं पुन्हा सांगितलं. तिनं सासऱ्याकडं एकदा बघितलं आणि परत सोयाबीनकडं गेली.

धनुकाकांनी खाटेखालून पेटी ओढली. वाकळ तीच असावी. भाता हलवला, बोट एका पट्टीवर ठेवलं. "आ कर."

मी "आ" केला. त्यांनी बोट खाली सरकवलं. पुन्हा खाली. तिथं माझा सूर आणि पेटीचा सूर एक झाला. ते त्या पट्टीवर बोट ठेवून डोळे मिटून बसले. त्यांना समोर कोण दिसत होतं ते मला कळत होतं.

"इथून त्याला पुढं किती दिवस मिळाले ते मी सांगत न्हाई," ते म्हणाले. "डॉक्टरला विचार. पोरं किती तुला?"

"एकच मुलगी. पुढच्या महिन्यात साखरपुडा आहे."

"तिला माहीत हाय?"

मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी भाता बंद केला.

"मग माझ्याकडं कशाला आला? माझं व्हायचं ते झालं. माफीबिफी मला देता येत न्हाई, खोटं काहून बोलू. तिला सांग."

तांड्याच्या चढावर मी गाडी थांबवली. खाली सोयाबीनची वाळलेली वावरं होती आणि त्यापलीकडं, पूर्वी बाभळी होत्या तिथं, फोनचा टॉवर उभा होता. फोनवर सगळ्या दांड्या दिसत होत्या. मी प्रतीक्षाला लावला. ती ऑफिसात होती, घाईत होती, साखरपुड्याच्या साडीबद्दल काहीतरी बोलायला लागली. मी मधेच बोलायला सुरुवात केली.

"बाबा, काहीच ऐकू येत नाहीये," ती म्हणाली. "रेंज नाहीये का तिकडं?"

"रेंज आहे," मी म्हणालो. "माझा आवाज गेलाय. बाहेर शांत ठिकाणी जा, फोन कानाला नीट लाव, आणि आजोबांचं एक सांगतो ते ऐक."